शून्याने न भागता शून्यापाशी

अकरावी-बारावीच्या वर्गात कलनशास्त्र सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक वाक्य येते : 'मूळ व्याख्येवरून अवकलज काढा.' विद्यार्थी ठरावीक चार ओळी लिहितात. पहिल्या ओळीत चलामध्ये ह एवढी वाढ करायची, दुसऱ्या ओळीत वजाबाकी, तिसऱ्या ओळीत ह ने भागाकार आणि चौथ्या ओळीत ह च्या जागी शून्य. पंधरा दिवसांनी सूत्रे हाती येतात आणि या चार ओळी कायमच्या मागे पडतात. क्ष² चा अवकलज २क्ष असतो हे सर्वांना पाठ असते. पण २क्ष हे कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे असे विचारले की वर्ग गप्प होतो.

एखादा विद्यार्थी मात्र गप्प बसत नाही. तो विचारतो, "सर, तिसऱ्या ओळीत तुम्ही ह ने भागलंत. म्हणजे ह शून्य नाही. मग चौथ्या ओळीत ह शून्य कसा झाला? आणि ह शून्यच घ्यायचा होता, तर भागलंत कसं?"

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही आणि 'ती पद्धतच आहे' हे त्याचे उत्तरही नाही. युरोपातील गणितज्ञांना या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर द्यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ते उत्तर बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत देता येते. या लेखात आपण ते देण्याचा प्रयत्न करू या.

आधी शब्दांविषयी थोडेसे. ज्याला वर्गात आपण 'डेरिव्हेटिव्ह' म्हणतो, त्याला मराठीत कोणी विकलज म्हणतात तर कोणी अवकलज. 'लिमिट'ला सीमा आणि 'फंक्शन'ला फलन हे शब्द रुळलेले आहेत. आम्ही येथे अवकलज, सीमा आणि फलन हे शब्द वापरणार आहोत.

एका क्षणाचा वेग

उंचावरून सोडलेला दगड त सेकंदांत किती खाली येतो? पडलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. हवेचा विरोध सोडून दिला, तर हे अंतर ४.९ त² मीटर एवढे भरते. तीन सेकंदांत दगड ४.९ × ९ = ४४.१ मीटर खाली येईल.

आता प्रश्न असा : बरोबर तिसऱ्या सेकंदाच्या टोकाला दगडाचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. पण 'बरोबर तिसऱ्या सेकंदाला' असे म्हटले की काळ शून्य आणि त्या काळात कापलेले अंतरही शून्य. शून्य भागिले शून्य म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आपण थोडी माघार घेऊ. तीन सेकंदांपासून पुढचा एक छोटा काळ घेऊ आणि त्या काळातील सरासरी वेग काढू. सरासरी वेग काढण्यात कसलीच अडचण नाही.

३ ते ४ सेकंद : अंतर ३४.३ मीटर, सरासरी वेग ३४.३
३ ते ३.१ सेकंद : अंतर २.९८९ मीटर, सरासरी वेग २९.८९
३ ते ३.०१ सेकंद : अंतर ०.२९४४९ मीटर, सरासरी वेग २९.४४९
३ ते ३.००१ सेकंद : अंतर ०.०२९४०४९ मीटर, सरासरी वेग २९.४०४९

मागच्या बाजूनेही हेच करून पाहू.

२.९ ते ३ सेकंद : सरासरी वेग २८.९१
२.९९ ते ३ सेकंद : सरासरी वेग २९.३५१
२.९९९ ते ३ सेकंद : सरासरी वेग २९.३९५१

(सर्व वेग मीटर प्रति सेकंदात.) पुढून येणारे आकडे उतरत आहेत, मागून येणारे चढत आहेत आणि दोन्ही रांगा २९.४ या संख्येला मध्ये घेऊन जवळ येत आहेत. ही कोष्टके विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावीत. वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक काळ वाटून दिला, तर दहा मिनिटांत काम होते. चार ओळींच्या सूत्राआधी हे दृश्य डोळ्यांपुढे आले, तर सूत्र कशासाठी आहे ते सांगावे लागत नाही.

हे आकडे असे का येतात, हे बीजगणित सांगते. ३ ते (३ + ह) या काळातील अंतर

४.९(३ + ह)² − ४.९ × ९ = ४.९(६ह + ह²)

एवढे आहे. ह शून्य नसेल तर ह ने भागता येते, आणि सरासरी वेग २९.४ + ४.९ह असा मिळतो. ह = ०.१ घातल्यास २९.८९, ह = −०.१ घातल्यास २८.९१. दोन्ही कोष्टके या एका ओळीत सामावली आहेत.

सीमा म्हणजे पैज

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. 'ह शून्य घेतला' असे आपण बोलण्याच्या सोयीसाठी म्हणतो. प्रत्यक्षात आपण वेगळेच काही करतो. आपण विचारतो की, ह शून्य नसताना, पण शून्याच्या हवा तितका जवळ असताना, हे गुणोत्तर कोणत्या संख्येला चिकटून राहते?

'चिकटून राहणे' हा शब्द ढिला आहे. तो घट्ट करण्यासाठी दोन मित्रांची पैज कल्पावी. एक म्हणतो, "सीमा २९.४ आहे." दुसरा त्याला आव्हान देतो, "मग गुणोत्तर २९.४ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर आणून दाखव, आणि तिथेच ठेवून दाखव." पहिला हिशेब करतो. फरक आहे ४.९ह, तो ०.०१ पेक्षा कमी हवा. म्हणजे ह चे माप ०.००२ पेक्षा कमी ठेवले की झाले. मग ह धन असो वा ऋण. दुसरा आव्हान कडक करतो, "०.०००१ पेक्षा कमी फरक हवा." उत्तर तयार आहे : ह चे माप ०.००००२ पेक्षा कमी ठेव. आव्हान कितीही कडक असले, तरी पहिल्याजवळ उत्तर आहे. हे जे 'कितीही कडक असले तरी' आहे, तीच सीमेची व्याख्या.

दुसरी कोणतीही संख्या ही पैज हरते. समजा कोणी २९.४१ ही सीमा आहे असे म्हणाला. त्याला ०.००५ चे आव्हान द्यावे. ह चे माप ०.००१ किंवा त्याहून कमी झाले की गुणोत्तर २९.४०५ च्या खालीच राहते आणि २९.४१ पासून ०.००५ पेक्षा अधिक दूर असते. म्हणजे तो हरला. सीमा असेल तर ती एकच असते, हे अशा प्रकारे समजते.

या साऱ्या पैजेत ह शून्य एकदाही झाला नाही, इकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. मग चौथ्या ओळीत आपण शून्य घालतो ते कशात? मूळ गुणोत्तर ४.९(६ह + ह²)/ह आणि सरळ रूप दिलेली राशी २९.४ + ४.९ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह शून्य नसताना त्या तंतोतंत सारख्या आहेत. ह शून्य असताना पहिलीला अर्थच नाही, दुसरीला आहे. सीमा काढताना ह = ० या ठिकाणी काय घडते याकडे आपण पाहतच नाही; त्यामुळे दोघींची सीमा एकच असणार. दुसरी राशी सरळ रेषेसारखी साधी आहे. तिच्या आलेखात कोठेही खंड नाही, म्हणून तिची सीमा ह = ० घालून मिळते. शून्याने भागाकार कोठेही झालेला नाही.

हे उत्तर ज्याला पटले, त्याच्यासाठी

फ(क्ष) चा अवकलज = [फ(क्ष + ह) − फ(क्ष)] / ह या गुणोत्तराची, ह शून्याकडे जात असतानाची सीमा

ही ओळ पाठ करण्याची राहत नाही.

दीडशे वर्षांची शंका

विद्यार्थ्याच्या शंकेला मोठी परंपरा आहे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६३० च्या दशकात महत्तम व लघुतम किमती काढण्याची एक रीत बनवली. चलात एक लहान राशी मिळवायची, समीकरण मांडायचे, त्या लहान राशीने भागायचे आणि शेवटी ती राशी सोडून द्यायची. आपल्या चार ओळी त्या याच. न्यूटनने १६६५-६६ च्या सुमारास आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे लायब्निट्झने (त्याचा पहिला निबंध १६८४ साली छापला गेला) ही रीत व्यापक केली. तिच्या जोरावर ग्रहांच्या कक्षांपासून कंप पावणाऱ्या तारांपर्यंत अनेक कोडी सुटली. पण भागताना असलेली राशी नंतर नाहीशी कशी होते, हे स्पष्ट नव्हते. जॉर्ज बर्कली या आयर्लंडमधील बिशपने १७३४ साली एक पुस्तक लिहून नेमक्या याच दुबळ्या जागेवर बोट ठेवले. धर्मश्रद्धेला तर्काची कसोटी लावणाऱ्या गणितज्ञांनी आधी आपले घर तपासावे, असा त्याचा रोख होता. उत्तरे बरोबर येतात हे त्याला मान्य होते. ती का बरोबर येतात हे सांगा, एवढेच त्याचे मागणे होते.

समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. ते कोठून आले हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे : ते वर्गातून आले. कोशीने सीमेवर आधारलेली मांडणी १८२१ आणि १८२३ साली प्रसिद्ध केली, ती पॅरिसच्या तंत्रशाळेतील आपल्या विद्यार्थ्यांसाठी. वायरस्ट्रासने या मांडणीला आजचे काटेकोर रूप दिले ते बर्लिनमधील व्याख्यानांत. डेडेकिंड १८५८ साली झुरिकमध्ये कलनशास्त्र शिकवू लागला तेव्हा पायाच कच्चा असल्याचे त्याला जाणवले आणि त्याने वास्तव संख्यांची नवी व्याख्या शोधली. शिकवताना अडलेला प्रश्न संशोधनाचा विषय होऊ शकतो, याची ही ठळक उदाहरणे आहेत.

आपल्याकडेही या विचाराच्या एका अंगाची ओळख बरीच आधी झाली होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहाच्या गतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील फरक ही स्थूल गती. त्या त्या वेळची ती तात्कालिक, सूक्ष्म गती. चंद्राच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. चंद्राची दैनंदिन गती साधारण १२ ते १५ अंशांच्या दरम्यान बदलत असते. त्यामुळे तिथी केव्हा संपते हे अचूक काढायचे तर सरासरी गती पुरत नाही. ही सूक्ष्म गती काढताना त्यांनी ज्येतील फरक कोज्येच्या प्रमाणात असतो हे वापरले. आजच्या भाषेत साइनचा अवकलज कोसाइन. सीमेची सर्वसाधारण कल्पना त्यात नाही आणि तसा दावा करण्याचे कारणही नाही. पण 'सरासरी' आणि 'त्या क्षणीचा' यांतील फरक त्यांनी ओळखला होता, हे निश्चित. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्या भागात सहल गेली तर गणिताचा एक तास तेथे जरूर घ्यावा.

प्रत्येक फलनाची किल्ली वेगळी

मूळ व्याख्येवरून अवकलज काढताना खरे काम एकच असते : छेदातील ह ला अंशातील ह ने छेदणे. कोणत्या युक्तीने ते साधायचे, हे फलनागणिक बदलते.

क्ष² साठी युक्ती लागतच नाही. विस्तार केला की पुरे. पण येथे एक आकृती जरूर काढावी. क्ष बाजूचा चौरस घ्या आणि बाजू ह ने वाढवा. नवीन चौरसात जुन्याखेरीज काय आले? क्ष लांबीच्या आणि ह रुंदीच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात ह बाजूचा एक चिमुकला चौरस. बाजू १० सेंटिमीटर आणि वाढ ०.१ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ २.०१ चौरस सेंटिमीटरने वाढते. त्यातील २ पट्ट्यांचे आणि ०.०१ कोपऱ्याचे. वाढीला ह ने भागले की पट्ट्या २क्ष देतात आणि कोपरा फक्त ह देतो. म्हणजे २क्ष + ह, आणि सीमा २क्ष. 'दोन' कोठून आले? पट्ट्या दोन होत्या म्हणून. घनासाठी हीच आकृती मातीच्या ठोकळ्यांनी करता येते : तीन पापुद्रे, तीन काड्या आणि एक कोपरा. पापुद्रे तीन, प्रत्येकाचे क्षेत्रफळ क्ष². म्हणून अवकलज ३क्ष².

१/क्ष साठी अपूर्णांकांची वजाबाकी करावी लागते :

१/(क्ष + ह) − १/क्ष = −ह / [क्ष(क्ष + ह)]

ह ने भागल्यावर −१/[क्ष(क्ष + ह)] उरते आणि सीमा −१/क्ष² येते. ऋण चिन्हाचा अर्थ विचारावा. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

वर्गमुळासाठी किल्ली निराळी. √(क्ष + ह) − √क्ष या वजाबाकीला त्याच दोन पदांच्या बेरजेने गुणायचे आणि भागायचे. अंशात (क्ष + ह) − क्ष म्हणजे ह उरतो, तो छेदला जातो आणि

१ / [√(क्ष + ह) + √क्ष]

एवढेच राहते. सीमा १/(२√क्ष). क्ष = ० असताना मात्र हे चालत नाही. तेथे गुणोत्तर १/√ह होते; ह = ०.०१ असता १०, ह = ०.०००१ असता १००. ते कोणत्याच संख्येपाशी थांबत नाही. आलेख तेथे उभा आहे, आणि उभ्या रेषेला चढ नसतो.

साइन आणि रेडियनचा हट्ट

साइनच्या बाबतीत बीजगणित पुरे पडत नाही. दोन साइनच्या वजाबाकीचे सूत्र वापरले की गुणोत्तर असे होते :

कोसाइन(क्ष + ह/२) × [साइन(ह/२) ÷ (ह/२)]

पहिला भाग कोसाइन क्ष कडे जातो. दुसऱ्या भागासाठी आकृती हवी. त्रिज्या १ असलेले वर्तुळ घ्या. केंद्र म, परिघावरील बिंदू अ आणि ब, आणि कोन अमब चे माप ह रेडियन, तेही लहान. अ पाशी काढलेली स्पर्शिका वाढवलेल्या मब ला क मध्ये मिळते. आता त्रिकोण मअब वर्तुळपाकळीत मावतो आणि पाकळी त्रिकोण मअक मध्ये मावते. तिघांची क्षेत्रफळे अनुक्रमे साइन ह, ह आणि टॅन ह यांच्या निम्मी आहेत. म्हणून साइन ह ही ह पेक्षा लहान आणि ह हा टॅन ह पेक्षा लहान. यावरून साइन ह ÷ ह हे गुणोत्तर कोसाइन ह आणि १ यांच्या मध्ये सापडते. ह शून्याकडे गेला की कोसाइन ह एककडे जाते आणि मध्ये अडकलेल्या गुणोत्तरालाही तिकडेच जावे लागते.

येथे दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, पाकळीचे क्षेत्रफळ ह च्या निम्मे आहे ते कोन रेडियनमध्ये मोजला म्हणून. कोन अंशांत मोजला तर? गणकयंत्रावर १ अंशाची साइन ०.०१७४५२४ येते, म्हणजे गुणोत्तर एककडे न जाता ०.०१७४५३३ कडे, म्हणजे π/१८० कडे जाते. मग साइनच्या प्रत्येक अवकलजाला हा ओंगळ गुणक चिकटेल. रेडियनचा आग्रह आहे तो यासाठी. दुसरी गोष्ट, साइन ह ÷ ह ची सीमा काही हुशार विद्यार्थी वर आणि खाली अवकलज घेऊन, लॉपितालच्या नियमाने, एका ओळीत काढून दाखवतात. उत्तर बरोबर येते, पण तो युक्तिवाद वर्तुळात फिरतो. साइनचा अवकलज माहीत असल्याखेरीज तो नियम येथे लावता येत नाही. आणि आपण शोधतो आहोत तो अवकलजच.

एक खास संख्या

२ च्या क्ष व्या घाताचा अवकलज काढू लागलो तर २ चा क्ष वा घात सामाईक बाहेर येतो आणि आत (२ चा ह वा घात − १) ÷ ह हे गुणोत्तर उरते. त्यात क्ष नाही. ह साठी ०.१, ०.०१, ०.००१ घेतले असता ०.७१७७, ०.६९५६, ०.६९३४ असे आकडे येतात. २ ऐवजी ३ घेतल्यास १.१६१२, १.१०४७, १.०९९२. पहिली रांग ०.६९३१ कडे, दुसरी १.०९८६ कडे जाते. एक रांग १ च्या खाली, दुसरी १ च्या वर. मग २ आणि ३ च्या मध्ये अशी एखादी संख्या असली पाहिजे, की जिच्यासाठी ही सीमा बरोबर १ येईल. तिचा क्ष वा घात हाच स्वतःचा अवकलज असेल. ती संख्या सुमारे २.७१८२८. पाठ्यपुस्तकात आकाशातून पडल्यासारखी वाटणारी ही संख्या मूळ व्याख्येच्या वाटेवरच भेटते.

गणकयंत्राची फसगत

'मग एवढे बीजगणित कशाला? ह अगदी लहान घेऊन गणकयंत्रावर भागाकार करू' असे कोणी म्हणेल. करून पाहू. √क्ष चा क्ष = २ येथील अवकलज ०.३५३५५३ आहे. प्रत्येक वर्गमूळ दहा अंकांपर्यंत कागदावर उतरवून वजाबाकी करा. √२ = १.४१४२१३५६२.

ह = ०.०००१ : √२.०००१ = १.४१४२४८९१७, गुणोत्तर ०.३५३५५
ह = ०.०००००००१ : √२.०००००००१ = १.४१४२१३५६६, गुणोत्तर ०.४
ह = ०.००००००००१ : √२.००००००००१ = १.४१४२१३५६३, गुणोत्तर १

ह लहान करत गेलो तसे उत्तर सुधारण्याऐवजी बिघडले! कारण उघड आहे. दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी केली की पुढचे सारखे अंक उडून जातात आणि उरतो तो शेवटचा, आसन्न केलेला अंक. ती छोटी चूक आपण चिमुकल्या ह ने भागतो, म्हणजे प्रचंड मोठी करतो. संगणकात अंक अधिक असतात, त्यामुळे संकट थोडे लांबते. पण टळत नाही.

आता आपली जुनी किल्ली आठवा. वजाबाकीऐवजी १/[√(क्ष + ह) + √क्ष] हे रूप घ्या आणि ह = ०.०००००००१ घाला : १ ÷ (१.४१४२१३५६६ + १.४१४२१३५६२) = ०.३५३५५३... ज्या युक्तीने ह छेदला गेला, तिनेच आकडेमोडही वाचवली. ही युक्ती केवळ परीक्षेसाठी आहे असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण आवर्जून दाखवावे.

जेथे अवकलज नाही

व्याख्येचे महत्त्व ती नाही म्हणते तेव्हा अधिक कळते. क्ष चे केवल मूल्य घ्या आणि शून्यापाशी गुणोत्तर काढा. ह धन असेल तर उत्तर नेहमी १, ह ऋण असेल तर नेहमी −१. दोन बाजूंच्या रांगा कधीच भेटत नाहीत, अवकलज नाही. आलेखाला तेथे टोक आहे. वायरस्ट्रासने तर १८७२ साली असे फलन दाखवले, की ज्याच्या आलेखात खंड कोठेच नाही, पण अवकलजही कोठेच नाही. जणू प्रत्येक बिंदूपाशी टोक! डोळ्यांना 'दिसते' एवढ्यावर विसंबून चालणार नाही, हे त्या उदाहरणाने गणितज्ञांना पटवले. सूत्रे पाठ असलेला विद्यार्थी अशा ठिकाणी अडखळतो. व्याख्या समजलेला निदान प्रश्न तरी नीट मांडतो.

वर्गासाठी काही प्रश्न

१. क्ष³ साठी क्ष = २ येथे दोन्ही बाजूंची कोष्टके करा. गुणोत्तर १२ पासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर राहण्यासाठी ह चे माप किती लहान ठेवाल?

२. १/क्ष² चा अवकलज मूळ व्याख्येवरून काढा. ह कोणत्या पायरीवर छेदला गेला ते अधोरेखित करा.

३. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा त्रिज्येनुसार अवकलज काढा. तो परिघाएवढा का येतो, हे चौरसाच्या पट्ट्यांसारख्या आकृतीने समजावून सांगा.

४. क्ष ला क्ष च्या केवल मूल्याने गुणून मिळणाऱ्या फलनाला शून्यापाशी अवकलज आहे का? आधी आलेख पाहून अंदाज सांगा, मग व्याख्येने तपासा.

या प्रश्नांना गुण देताना शेवटच्या उत्तराइतकेच मधल्या पायऱ्यांना महत्त्व द्यावे. आणि 'ह शून्य कसा झाला?' असे कोणी विचारलेच, तर त्या तासाचा उरलेला वेळ खुशाल त्या प्रश्नाला द्यावा. सूत्रांचा तक्ता दुसऱ्या दिवशीही फळ्यावर लिहिता येतो.